शिकवायला जाण्यापूर्वी

आपल्या धर्मग्रामांतून परदेशी जाणारी माणसे पूर्वीही होती. कोणी बोटीवर गेले, कोणी आखातात गेले, कोणी शिक्षणासाठी गेले. अलीकडे त्यांत आणखी एका माणसाची भर पडली आहे. तो मजुरीसाठी जात नाही, शिकण्यासाठीही जात नाही. तो शिकवण्यासाठी जातो. एखाद्या परक्या देशातील विद्यापीठाचे नेमणूकपत्र येते, घरात पेढे वाटले जातात, रविवारच्या मिस्सामध्ये त्याच्यासाठी खास प्रार्थना होते आणि मग तयारीची धांदल उडते. व्हिसा, विमा, गरम कपडे, व्याख्यानांची टिपणे, आईने आग्रहाने बांधून दिलेले लोणचे. या सर्व तयारीविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु एका तयारीविषयी सहसा कोणी बोलत नाही. परक्या देशातील तरुणांना शिकवण्याचा अधिकार मला नेमका कशाने प्राप्त होतो, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची ती तयारी होय.

हा प्रश्न पात्रतेचा नाही. पात्रता विद्यापीठाने तपासलेली असते. हा प्रश्न नीतीचा आहे, आणि म्हणूनच तो येथे मांडावा असे आम्हांस वाटते.

शिक्षकाच्या हाती सत्ता असते, ही गोष्ट आपण विसरतो, कारण ती सत्ता खडूसारखी साधी दिसते. विद्यार्थ्याचे गुण, त्याची शिफारस, त्याची पुढची वाट शिक्षकाच्या सहीवर अवलंबून असते. स्वदेशात या सत्तेला शेकडो लगाम असतात. शिक्षकाने वर्गात काही भलते विधान केले, तर गावातले कोणी त्याला बोलते, सहकारी टोकतो, विद्यार्थ्याचा काका वाटेत गाठून विचारतो. परक्या देशात हे लगाम सैल पडतात. ज्यांच्यासमोर आपण उभे आहोत, त्यांच्या आजोबांनी कोणते युद्ध भोगले, त्यांच्या भाषेत कोणता शब्द अपमानाचा आहे, कोणत्या विषयावर त्या घरांत आवाज खाली येतो, हे आपल्याला ठाऊक नसते. सहज दिलेले एखादे उदाहरण नेमके जुन्या जखमेवर बसते, आणि विद्यार्थी काहीच बोलत नाही. त्याचे मौन आपल्याला संमती वाटते. अज्ञान हे पाप नव्हे. परंतु अज्ञान आणि सत्ता एकाच खुर्चीवर येऊन बसली, म्हणजे तेथे अन्याय घडायला वेळ लागत नाही.

आपल्या मायबोलीने या बाबतीत आपल्याला एक मार्ग दाखवून ठेवला आहे. मराठीत ‘शिकणे’ या क्रियापदापासूनच ‘शिकवणे’ सिद्ध होते. करणे-करवणे, बसणे-बसवणे, तसेच शिकणे-शिकवणे. शिकवणे म्हणजे दुसऱ्याकडून शिकण्याची क्रिया घडवणे. मुख्य क्रिया विद्यार्थ्याची आहे. शिक्षक निमित्त आहे. हा केवळ व्याकरणाचा खेळ नाही. ख्रिस्तसभेच्या दोन थोर आचार्यांनी याच मुद्द्यावर स्वतंत्र ग्रंथविचार केला आहे, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दोघांनीही परक्या भूमीवर शिकवले होते.

संत ऑगस्टीन हे उत्तर आफ्रिकेतील तागास्ते गावचे. इ. स. ३८३ मध्ये ते वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक म्हणून रोमला गेले. तेथील विद्यार्थी शांत असतात असे त्यांनी ऐकले होते. विद्यार्थी शांत होते खरे. परंतु फी देण्याची वेळ आली, की संगनमत करून दुसऱ्या शिक्षकाकडे निघून जात! पुढच्याच वर्षी ते मिलानला गेले. तेथे त्यांच्या आफ्रिकी उच्चारांवर इटालियन लोक बोट ठेवत. परदेशी शिक्षकाची ही दुःखे सोळाशे वर्षांत फारशी बदललेली नाहीत. पुढे मायदेशी परतल्यावर त्यांनी आपल्या मुलाशी, अदेओदातुसशी झालेल्या संवादाच्या रूपाने ‘शिक्षक’ या विषयावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याचा आशय असा, की शिक्षकाचे शब्द म्हणजे केवळ खुणा आहेत. त्या बोट दाखवतात, परंतु सत्याची ओळख पटते ती शिकणाऱ्याच्या अंतरंगात, आणि तेथे शिकवणारा खरा गुरू ख्रिस्त आहे.

दुसरे आचार्य संत थॉमस अक्वायनस. जन्माने दक्षिण इटलीचे, परंतु त्यांचे अध्यापन गाजले ते पॅरिसच्या विद्यापीठात. तेथेच १२५६ ते १२५९ या काळात सत्याविषयीच्या आपल्या वादप्रश्नांत त्यांनी अकरावा प्रश्न शिक्षकावर खर्ची घातला. त्यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. रोगी बरा होतो तो मुळात त्याच्या शरीरातील निसर्गदत्त शक्तीने. वैद्य त्या शक्तीला साहाय्य करतो. त्याचप्रमाणे विद्यार्थ्याच्या बुद्धीत देवाने आधीच प्रकाश ठेवलेला आहे. शिक्षक त्या प्रकाशाला साहाय्य करतो. ही उपमा आपण थोडी पुढे नेली, तर आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते. परगावी गेलेल्या वैद्याच्या पेटीत औषधे उत्तम असतील. परंतु नाडी पाहिल्याशिवाय त्याने पुडी बांधू नये. परदेशी शिकवायला जाणाऱ्याच्या पेटीत ज्ञान पुष्कळ असते. नाडी पाहण्याची त्याची तयारी आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण आपण बाकाच्या दुसऱ्या बाजूला बसलेलो आहोत. वसईच्या कुपारी घरातील मूल घरी कादोडी बोलत वाढले. शाळेत गेल्यावर त्याला प्रमाण मराठी भेटली. महाविद्यालयात गेल्यावर इंग्रजी भेटली. प्रत्येक उंबरठ्यावर त्याने आपली जीभ थोडी बाहेर ठेवली आणि मग आत पाऊल टाकले. वाडवळी बोलणाऱ्या घरांची आणि कोळीवाड्यांची कथाही वेगळी नाही. ज्या शिक्षकांनी आमच्या पिढीच्या बोलीला हसण्याचा विषय केले, त्यांचे ज्ञान खोटे नव्हते. तरी ते आमच्यापर्यंत अर्धेच पोहोचले. ज्यांनी ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असे विचारले, त्यांचे शिकवणे आजही स्मरणात आहे. ज्याला हे भोगून ठाऊक आहे, त्याने परक्या वर्गात शिरताना ते विसरू नये. विसरला, तर त्याने आपल्याच बालपणाशी बेइमानी केली असे म्हणावे लागेल.

या विषयात एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या मिशनमधील जर्मन येशूसंघीयांना ब्रिटिश सरकारने स्थानबद्ध केले, पुष्कळांना मायदेशी धाडले. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाला प्राध्यापकांची उणीव भासू लागली. युद्धानंतर हे मिशन स्पेनच्या येशूसंघीयांकडे सोपवण्यात आले, आणि १९२२ मध्ये बार्सिलोनाचे फादर हेन्री हेरास मुंबईत उतरले. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. कोणता इतिहास शिकवाल, असे प्राचार्यांनी त्यांना विचारले. फादरांनी उलट प्रश्न केला, की कोणता इतिहास शिकवण्याची माझी तयारी नाही? उत्तर आले, भारताचा. तर मग मी भारताचाच इतिहास शिकवीन, असे ते म्हणाले.

ही गोष्ट वरवर ऐकली, तर ती धाडसाची वाटते. किंबहुना उद्धटपणाचीही वाटेल. जे येत नाही ते शिकवायला निघालेला हा कोण? परंतु पुढे काय झाले ते पाहिले, म्हणजे त्या उत्तरातील नम्रता ध्यानी येते. युरोपचा इतिहास त्यांना येत होता. तो शिकवत राहिले असते, तर कोणी दोष दिला नसता आणि त्यांना नव्याने काहीही शिकावे लागले नसते. त्यांनी निवडला तो विषय, ज्यात त्यांना स्वतःच विद्यार्थी व्हावे लागणार होते. ते शिलालेख, ताम्रपट, नाणी, मूर्ती यांच्या मागे लागले. १९२६ मध्ये त्यांनी महाविद्यालयात भारतीय इतिहास संशोधनाची संस्था उभारली; आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९२७ मध्ये, म्हणजे मुंबईत आल्यापासून पाच वर्षांत, विजयनगरच्या अराविडू घराण्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे पल्लवांच्या इतिहासावरील अभ्यास आला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले गोमंतकीय इतिहासकार जॉर्ज मोराईस यांनी १९३१ मध्ये कदंब कुळाचा इतिहास लिहिला. ज्या कदंबांनी गोव्यावर राज्य केले, त्यांचा इतिहास शोधण्याची शिस्त एका गोमंतकीयाला एका स्पॅनिश गुरूकडून मिळाली. १९५५ मध्ये फादर हेरास मुंबईतच निवर्तले. १९८१ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

येथे एक बारकावा नजरेआड होऊ नये. फादर हेरास रिकाम्या हाताने आले नव्हते. पुराव्याशिवाय विधान करू नये, मूळ साधन स्वतः पाहावे, दंतकथा आणि घटना यांची गल्लत करू नये, ही शिस्त त्यांनी बरोबर आणली होती. ती त्यांनी दिली. विषय मात्र येथून घेतला. देणे आणि घेणे यांचा असा मेळ जमला, तरच परदेशी शिक्षकाचे शिकवणे न्याय्य ठरते. नुसते देणारा हा विजेता होतो. नुसते घेणारा हा प्रवासी राहतो.

परदेशी शिक्षकाला दोन मोह पडतात. पहिला मोह विजेत्याचा. आमच्याकडे असे असते, असे म्हणत तो प्रत्येक गोष्ट आपल्या गजाने मोजतो आणि यजमानांना तोकडे ठरवतो. हा मोह सहज ओळखू येतो. दुसरा मोह अधिक गोड आहे. तो खुशामत करणाऱ्याचा. आपण पाहुणे, आपण कशाला बोलावे, असे म्हणून तो कच्च्या निबंधाला चांगले गुण देतो, चुकीला संस्कृतीभेद म्हणतो, आणि सर्वांचा आवडता होऊन परत येतो. वरवर हा आदर दिसतो. वस्तुतः ही उपेक्षा आहे. ज्याला आपण आपल्या बरोबरीचा समजतो, त्याचीच चूक आपण मनापासून दुरुस्त करतो. परक्या विद्यार्थ्याची चूक दाखवण्याचे कष्ट न घेणे म्हणजे, याच्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची, असे मनात म्हणणे होय.

अथेन्समध्ये संत पौलाने या दोन्ही मोहांना जिंकले होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात तो प्रसंग आहे. ते आधी शहरात हिंडले. लोक कशाची उपासना करतात ते त्यांनी पाहिले. अज्ञात देवाला वाहिलेली एक वेदी त्यांच्या नजरेस पडली, आणि त्यांनी आपल्या भाषणाचा आरंभ त्या वेदीपासून केला. श्रोत्यांच्याच कवींचा दाखला दिला. इतकी पूर्वतयारी त्यांनी केली होती. परंतु पुनरुत्थानाची गोष्ट मात्र त्यांनी गिळून टाकली नाही. ती ऐकताच काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा कधीतरी ऐकू असे म्हटले, थोड्यांनी विश्वास ठेवला. म्हणजे चांगली तयारी केली, की यश मिळतेच असे नाही. तयारी यशासाठी नसते. ती ऐकणाऱ्याच्या सन्मानासाठी असते.

याच न्यायाने, आपल्याशी मतभेद करण्याची मोकळीक विद्यार्थ्याला देणे हाही तयारीचा भाग आहे. फादर हेरास यांनी सिंधू लिपीचे वाचन केल्याचा दावा केला होता. १९५३ मध्ये त्यांचा तो विस्तृत ग्रंथ निघाला. विद्वानांनी ते वाचन स्वीकारले नाही, आणि ती लिपी आजही सर्वमान्यपणे वाचली गेलेली नाही. यामुळे त्यांचे मोठेपण उणे होत नाही. पुरावा मागण्याची सवय ज्याने लावली, त्याच्याकडेच शिष्यांनी पुरावा मागावा, यात गुरूची हार नसून त्याच्या शिकवणुकीची सिद्धता आहे.

उलट दिशेने गेलेले एक उदाहरणही आपल्याच मातीतील आहे. धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील सांखवाळचे. जन्म १८७६ चा. शालेय शिक्षण तुटपुंजे. बुद्धाच्या शिकवणुकीचा शोध घेण्यासाठी त्यांनी घर सोडले. पुणे आणि काशी येथे संस्कृतचे अध्ययन केले, सिलोनमध्ये आणि ब्रह्मदेशात पाली ग्रंथांचा अभ्यास केला, भिक्षूची दीक्षा घेतली. हे सर्व हालअपेष्टा सोसून झाले. पुढे १९१० मध्ये त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणे आले ते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. ते काम हेन्री वॉरन या अमेरिकन विद्वानाच्या निधनाने अपुरे राहिले होते. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडच्या विद्यापीठात पाली शिकवायला गेले. त्यांचा आणि आपला धर्म भिन्न; परंतु त्यांच्या आयुष्याचा क्रम आपल्याला बरेच काही सांगतो. परदेशी विद्यापीठाचे दार उघडण्यापूर्वी हा माणूस वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या दारी विद्यार्थी म्हणून उभा राहिला होता. आणि पहिल्यांदा बोलावले गेले, तेव्हा त्याने दुसऱ्याचे अपुरे राहिलेले काम हाती घेतले.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळून चालणार नाही. आपल्याच शाळा-महाविद्यालयांना चांगले शिक्षक हवे असताना कोणी परदेशी का जावे? ज्या समाजाने पै-पै जमवून शिकवले, त्याचे ऋण कोणी फेडायचे? हा आक्षेप खोटा नाही. केवळ पगारासाठी जाणाऱ्याने त्याला स्वतःच्या विवेकबुद्धीपुढे उत्तर द्यावे. परंतु विद्येचे ऋण हे सावकाराच्या कर्जासारखे नसते. ज्याच्याकडून घेतले त्यालाच परत करावे असा त्याचा नियम नाही. आपल्या परंपरेत ऋषिऋण फेडायचे ते अध्ययनाने आणि अध्यापनाने. फादर हेरास यांचे ऋण बार्सिलोनाचे होते. ते मुंबईत फेडले गेले, आणि आपण त्याचे धनी झालो. बार्सिलोनाने तेव्हा हिशेब मांडला असता, तर तोटा आपल्याला झाला असता. मात्र देवघेवीची ही वाट दोन्ही बाजूंनी चालती राहिली पाहिजे. जो जातो, त्याने तेथे जे शिकले ते सुट्टीत आला असता आपल्या धर्मग्रामातील मुलांसमोर ठेवावे. तेवढे केले, तरी पेढे वाटणाऱ्या घरापेक्षा मोठ्या घराला त्याचा लाभ होईल.

मग प्रत्यक्ष तयारी काय करावी? आम्हा धर्मगुरूंना बदली होताना वडीलधारे एक सल्ला देतात : नव्या धर्मग्रामात पहिले वर्षभर काही बदलू नका, माणसे पाहा, मयतीला जा, लोकांच्या ओटीवर बसा. हाच सल्ला येथेही लागू पडतो. त्या देशातील मुले शाळेत जी पाठ्यपुस्तके वाचून आली, ती जाण्यापूर्वी मिळवून वाचावीत. विशेषतः इतिहासाचे पुस्तक. वर्ग इंग्रजीत घ्यायचा असला, तरी तेथील भाषेतील शे-दोनशे शब्द शिकावेत. ते व्याख्यानासाठी नव्हे, तर बोलताना अडखळणे कसे वाटते याची आठवण राहावी म्हणून. विद्यार्थ्यांच्या नावांचा उच्चार त्यांच्याकडूनच शिकावा. उदाहरणे तेथील बाजारातली, तेथील शेतातली द्यावीत. माहीत नाही, हे वाक्य त्यांच्या समोर म्हणण्याचा सराव करावा. वर्गात शांतता पसरली, तर ती आदराची आहे, भीतीची आहे की न समजल्याची आहे, याचा शोध घ्यावा. आणि रात्री झोपण्यापूर्वी विवेकतपासणी करताना एक प्रश्न जोडून घ्यावा : आज मी कोणाकडून काही शिकलो काय? पुष्कळ दिवस उत्तर ‘नाही’ असे येऊ लागले, तर व्याख्याने कितीही रंगत असली, तरी शिकवणे थांबलेले आहे असे समजावे.

अखेरीस एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आपण ज्याला गुरू म्हणतो, त्या प्रभू येशूने जाहीरपणे शिकवले ते अवघी तीन वर्षे. त्यापूर्वीची सुमारे तीस वर्षे तो नाझरेथमध्ये होता. तेथे तो आईच्या तोंडून बोलायला शिकला, सुताराचे काम शिकला, पेरणी कशी होते, पीठ कसे फुगते, हरवलेले नाणे शोधताना घरधनीण दिवा कसा लावते हे त्याने पाहिले. गालीलच्या लोकांची बोली इतकी वेगळी होती, की यरुशलेममध्ये पेत्र त्याच्या बोलण्यावरूनच ओळखला गेला. तीच बोली प्रभूच्याही ओठी असली पाहिजे. बारा वर्षांचा असताना मंदिरात तो पंडितांमध्ये बसलेला सापडला, तेव्हाही तो ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. हे जग त्याचेच होते. त्याला येथे परका कोण म्हणेल? तरीही मनुष्यांना शिकवण्यापूर्वी त्याने त्यांच्याकडून शिकणे कमीपणाचे मानले नाही. त्याच्या दाखल्यांत जी माती, जे पीठ आणि जो दिवा आहे, तो सगळा त्या तीस वर्षांचा संचय आहे.

तीन वर्षांच्या शिकवण्यासाठी तीस वर्षांचे शिकणे, हे प्रमाण आपल्यापैकी कोणाला पाळता येणार नाही. परंतु नेमणूकपत्र हाती असलेल्या आपल्या तरुण प्राध्यापकांनी त्याची दिशा तरी ध्यानात ठेवावी. सामानाचे वजन विमानतळावर ठरवून दिलेले असते. मनात किती जागा रिकामी ठेवून निघायचे, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.